‘ओढ’ची एकसष्ट कार्डं

१

कर्वेनगरात एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर अर्थकोश मंडळाचं कार्यालय आहे, हे त्या झेरॉक्सवाल्यालासुद्धा धड माहीत नाही. माहीत असायचं कारणही नाही. चाळीस वर्षं तिथे चारपाच माणसं बसतात, जुन्या पुस्तकांतले शब्द हाताने कार्डांवर उतरवतात आणि ती कार्डं लाकडी खणांत अकारविल्हे लावून ठेवतात. तिथे चोरी होईल असं कुणी म्हणालं असतं, तर राधाताईंनी शांतपणे विचारलं असतं, "कशाची? धुळीची?"

पण झाली होती खरी. सोमवारी सकाळी राधाताई प्रुफांचं बाड घेऊन जिना चढल्या, तेव्हा वर सगळे एका उघड्या खणाभोवती उभे होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

राधाताईंचं वय अडुसष्ट. चौतीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. निवृत्तीनंतरही बिबवेवाडीच्या घरी बसून निवडक पुस्तकांची प्रुफं त्या बघत. सध्याचं पुस्तक होतं मंडळातले सगळ्यांत जुने अभ्यासक दिगंबरपंत आठल्ये यांचं, एका कादंबरीतल्या एकाच शब्दावरचं. ‘तिरपी थडी’ ही ऐंशीएक वर्षांपूर्वीची, भीमेकाठच्या एका नावाड्याची कादंबरी. मराठी घेतलेल्या प्रत्येकाने ती निदान परीक्षेपुरती चाळलेली असते. त्या कादंबरीत ‘ओढ’ हा एकच शब्द एकसष्ट वेळा येतो, आणि दर वेळी तोच नसतो, असं पंतांचं म्हणणं. कुठे ती प्रवाहाची ओढ, कुठे दोराचा ताण, कुठे पाऊस ओढ देतो, कुठे सासुरवाशिणीला माहेरची ओढ, कुठे नावाड्याच्या भावाला पैशाची. हे पाच अर्थ कुणीही काढले असते. पंतांचं नाव झालं ते सहाव्या अर्थामुळे. जे माणूस रोज समोर आहे, एका घरात आहे, त्याच्याचसाठी तुटणारा जीव, अशी ती सहावी ओढ. त्यावर पंत तीस वर्षं व्याख्यानं देत होते आणि ऐकणारे डोळे पुसत होते.

ती एकसष्ट कार्डं आता खणात नव्हती.

"शनिवारी दुपारी बाराला मी स्वतः पाहिली होती," रणजित सणस म्हणाला. हा मंडळाचा कार्यवाह, चाळिशीचा, कामसू, कायम घाईत. "पुस्तकाच्या शेवटी या कार्डांचे फोटो द्यायचेत. आज स्कॅनिंग सुरू करणार होतो. उघडतो तर हे."

राधाताईंनी वाकून पाहिलं. खणात एक लांब पितळी सळई असते. ती कार्डांच्या तळाच्या भोकांतून जाते आणि पुढे फिरकीने घट्ट होते, म्हणजे कार्डं सांडत नाहीत. सळई जागेवर होती, फिरकीही आवळलेली. ‘ओठ’ची कार्डं संपत होती, ‘ओढणी’ची सुरू होत होती, आणि मधल्या जागेत एक लाल कार्ड उभं होतं.

"हे काय आहे?"

"इथली पद्धत आहे ती," रणजित म्हणाला. "कुणी कार्डं बाहेर काढली की त्या जागी लाल कार्ड लावायचं आणि त्यावर सही करायची, म्हणजे कुठे गेली ते कळतं. चोराने लाल कार्ड लावलंय आणि सही केली नाही. आमची चेष्टा."

पलीकडे खिडकीपाशी दिगंबरपंत खुर्चीत बसून होते. त्यांच्या आयुष्याची कार्डं गेली होती आणि ते उठून खणापर्यंतसुद्धा आले नव्हते. धक्का बसला असेल, असं राधाताईंना वाटलं.

रणजितने त्यांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "पोलिसांत जाऊन मंडळाची शोभा करायची नाही. बुधवारी संध्याकाळी सभा आहे. ताई, तुमचं सगळे ऐकतात. चोर कोण ते आम्हाला माहीत आहे. तुम्ही फक्त तिच्याकडून कार्डं परत मिळवा."

२

ती म्हणजे नम्रता काळभोर. लोणी काळभोरची, शेतकऱ्याची मुलगी. विद्यापीठात पीएच.डी. करत होती आणि आठ महिन्यांपासून मंडळात पंतांच्या हाताखाली काम शिकत होती. तिचा विषयही ‘तिरपी थडी’च.

रणजितचं गणित सरळ होतं. चाव्या तीन. एक त्याची, एक पंतांची आणि शनिवारपुरती नम्रताकडे दिलेली तिसरी. शनिवारी बारानंतर रणजित गेला, चारला पंत गेले आणि सहापर्यंत नम्रता एकटी होती. रविवारी कार्यालय बंद.

"आणि कारण?" राधाताईंनी विचारलं.

"प्रबंध. सरांचं पुस्तक आधी आलं तर हिच्या प्रबंधाला कोण विचारतो?"

"अहो, मग कार्डांचे फोटो काढले असते तिने. सबंध गठ्ठा न्यायची काय गरज?"

रणजितला हे आवडलं नाही. "ते तिला विचारा. बुधवारी सभेत मी ठराव मांडतोय. मंडळातून काढायचं आणि तिच्या मार्गदर्शकांना कारणासह पत्र द्यायचं. असल्या पत्रानंतर विद्यापीठ काय करतं, ते तुम्हाला माहीत आहे."

राधाताईंना माहीत होतं. पुण्यात अभ्यासकांचं जग चारपाच पेठांएवढं आहे. एकदा ‘कार्डं चोरणारी’ म्हटली गेली की त्या मुलीला कुणी एखाद्या ग्रंथालयाचं कपाटसुद्धा उघडून देणार नव्हतं.

"तुमच्याकडे त्या कार्डांचं काहीच नाही?"

"नमुन्याला दहा कार्डं गेल्या आठवड्यात स्कॅन केली होती. तेवढीच." त्याने लॅपटॉप फिरवला.

राधाताईंनी चष्मा पुसला आणि एकेक कार्ड पाहिलं. वर शब्द, मग कादंबरीतलं वाक्य, मग पान. खाली दोन रकाने, ‘नोंद’ आणि ‘तपासले’, आणि दोन्हींत आद्याक्षरं. नऊ कार्डांवर पंतांचं टोकदार, उजवीकडे पळणारं अक्षर होतं. दहाव्यावरचं अक्षर वेगळं होतं, गोल आणि सावकाश.

*दूर गेलेल्याची ओढ लागते हे सगळ्यांना ठाऊक; समोर बसून जेवणाऱ्याची ओढ कुणाला सांगायची?* पान ११८. नोंद: म. आ. तपासले: दि. आ.

"म. आ. कोण?"

"मथुराबाई आठल्ये. सरांच्या मिसेस. गेल्या त्या, बारा वर्षं झाली. मी त्यांना पाहिलेलं नाही."

हे वाक्य राधाताईंनी प्रुफांत वाचलं होतं. सहावा अर्थ ज्या प्रकरणात सांगितला होता त्याची सुरुवातच या वाक्याने होती. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. चौतीस वर्षांची सवय होती, अक्षर बदललं की थांबायचं.

३

नम्रता खालच्या चहाच्या टपरीपाशी उभी होती. रडून झालं होतं. आता चेहरा नुसता कोरडा होता.

"मी कार्डं घेतली नाहीत," ती म्हणाली. "एवढंच सांगू शकते."

"एवढ्याने बुधवारी भागणार नाही, बाळा. आठ महिन्यांत तू त्या खणातून किती वेळा कार्डं काढलीस?"

"रोजच."

"आणि लाल कार्ड?"

नम्रता पहिल्यांदा थोडी हसली. "तेच विसरते. सर रोज बोलतात. म्हणतात, आमच्याकडे विसरायला वयाची अट आहे."

राधाताईंनी चहाचा घोट घेतला. म्हणजे साध्या दिवशी, काही लपवायचं नसताना जी मुलगी लाल कार्ड विसरते, तिला चोरी करताना नेमकं ते आठवलं म्हणायचं. सळईसुद्धा परत घालून फिरकी आवळायची आठवली. पळायच्या घाईतल्या माणसाचा हात असं करत नाही. ज्याचा हात चाळीस वर्षं तेच करत आलाय, तो मात्र चोरी करतानाही करील. हा विचार राधाताईंना आला आणि आवडला नाही. त्यांनी तो चहाबरोबर गिळून टाकला.

"शनिवारी काही झालं का? पंतांशी काही बोलणं?"

नम्रताने नजर चुकवली. "मी त्यांना माझी वही दिली होती, शुक्रवारी. तपासायला."

"कशाची वही?"

"ताई, ते मला विचारू नका."

"अगं, तुझी मान सुरीखाली आहे."

"असू दे. त्या वहीतलं मी कुणाला सांगणार नाही. सरांनी मला कार्ड कसं धरायचं इथपासून शिकवलंय. आमच्या घरात कुणी ग्रंथालयाची पायरी चढलेलं नाही. सरांनी माझ्या वडलांना फोन करून सांगितलं होतं, पोरीला शिकू द्या म्हणून. आता वडील विचारतात, काय झालंय गं, खरं हाय का हे. मी त्यांनाही काही सांगितलं नाही."

तिच्या खांद्याच्या पिशवीतून एका जुन्या पुस्तकाचा कोपरा दिसत होता. खाकी कापडाची बांधणी, पाठीवर गावच्या वाचनालयाचा शिक्का. राधाताईंनी हात पुढे केला. "वहीतलं नको सांगूस. पुस्तक वाचायला तरी देशील?"

नम्रताने फार वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं आणि बसथांब्याकडे चालू लागली. ते पुस्तक म्हणजे ‘तिरपी थडी’ची पहिली आवृत्ती होती.

४

मंगळवारी सकाळी राधाताई साडेनवालाच मंडळात पोहोचल्या. द्वारकाबाई फरशी पुसत होत्या. मंडळात झाडलोट आणि चहापाणी बघायला त्यांना चाळीस वर्षं झाली होती. विद्वान आले आणि गेले, द्वारकाबाई टिकून होत्या.

"नमू चोर नाही," त्या न विचारताच म्हणाल्या. "चोराला भूक लागते. पोरीने कालपासून काही खाल्लं नाही."

"आणि पंत?"

"ते तरी कुठे खातात? शनिवारी चहा केला, तो तसाच गार झाला. मला विचारलं, द्वारकाबाई, मथुरेचा डबा तुम्ही आणायचात ना? म्हटलं, हो की. रोज बाराला घरी जायचं आणि डबा आणायचा. डब्याच्या पिशवीत कार्डांचा पुडकाही असायचा."

"कार्डांचा?"

"बाई घरी बसून कार्डं करायच्या ना. त्या वेळी पुस्तक फाडून वाटून द्यायचे, सोळा सोळा पानं एकेकाला. बाईंनाही दिली होती. साहेब सकाळी आठला इथे यायचे ते दिवे लागल्यावर घरी. घरी गेले तरी जेवताना कागद वाचायचे. म्हणून बाई कार्डं डब्यातून पाठवायच्या." द्वारकाबाईंनी फडका पिळला. "परवा त्यांच्या हातात तीच पिशवी पाहिली आणि मला भरून आलं."

"परवा म्हणजे?"

"शनिवारी. चारला निघाले तेव्हा. बाई गेल्यापासून डबा नाही, पिशवी नाही. खानावळीत जेवतात. आणि परवा पिशवी."

राधाताई खुर्चीत बसल्या. त्यांनी नम्रताचं पुस्तक उघडलं.

जुन्या छपाईत सोळा पानांचा एक फर्मा असतो, आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी त्याचा बारीक आकडा छापलेला असतो. वाचणाऱ्याच्या तो डोळ्यांत येत नाही, छापखान्यातल्या माणसाला आधी तोच दिसतो. त्यांनी पान ११३ काढलं. तळाशी बारीक ८. आठवा फर्मा, पान ११३ ते १२८. त्यांनी शिवण तपासली, एकेक पान मोजलं. सोळाच्या सोळा पानं जागेवर होती, एकही गळालेलं नव्हतं, एकही दुबार नव्हतं.

मग त्यांनी पान ११८ वाचलं. एकदा वाचलं. मग बोट ठेवून, ओळ न ओळ, प्रुफ वाचतात तसं पुन्हा वाचलं. नावाडी दोर वळत बसला होता. त्याची बायको मासळी साफ करत होती. दोघं बाजाराबद्दल बोलत होती.

ज्या वाक्यावर तीस वर्षं लोकांनी डोळे पुसले, ते वाक्य त्या पानावर नव्हतं.

राधाताईंनी सबंध फर्मा वाचून काढला. पंतांच्या प्रुफांत सहाव्या अर्थाला चार वाक्यांचा आधार होता आणि चारही याच सोळा पानांतली म्हणून दिली होती. चारांतलं एकही कादंबरीत नव्हतं. एकसष्टातून चार गेले, उरले सत्तावन्न. नम्रताच्या वहीत काय लिहिलं असेल ते त्यांना आता न वाचताच कळलं, आणि ती पोर तोंड का उघडत नव्हती, तेही.

५

दिगंबरपंतांचं घर मंडळापासून दहा मिनिटांवर, एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं.

"या," ते म्हणाले. "मला वाटलं होतं सोमवारीच याल. वयानुसार तुमचाही वेग मंदावला."

टेबलावर जुनी कापडी पिशवी होती. तिच्याशेजारी कार्डांचा गठ्ठा, दोऱ्याने नीट बांधलेला. आणि चार कार्डं वेगळी, ओळीने मांडलेली. राधाताई समोर बसल्या.

"लाल कार्डामुळे?" पंतांनी विचारलं.

"तिथून सुरुवात झाली. चोर लाल कार्ड लावत नाही. नम्रता तर एरवीही लावत नाही. रणजितला तर त्या कार्डांचे फोटो हवे होते, तो ती कशाला लपवील? मग पिशवी. मग पान ११८."

"सही करायला पेन उघडलं होतं मी," पंत म्हणाले. "हात आपोआप गेला. मग लक्षात आलं, आपण काय करतोय. पण लाल कार्ड परत काढवेना. रिकामी जागा तशीच ठेवायची, हे हाताला जमलं नाही."

"आधी सांगा, हे झालं कसं?"

पंतांनी चष्मा काढला. "साधी गोष्ट आहे. त्र्याऐंशी साल. माणसं कमी होती. कादंबरीची एक प्रत उसवून फर्मे वाटले. आठवा फर्मा उरला. मथुरा म्हणाली, मी करते. मॅट्रिक होती, अक्षर सुंदर. नियम असा की एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मूळ पानाशी ताडून ‘तपासले’वर सही करायची. तिची कार्डं तपासायचं काम माझं." ते थांबले. "घरचंच काम, म्हटलं, त्यात काय बघायचं. मी न बघता सही केली. इतरांच्या कार्डांवर एक काना चुकला तरी मी कार्ड परत पाठवत असे."

"आणि नंतर चाळीस वर्षांत पुस्तक उघडलं नाहीत?"

"कादंबरी मी शेवटची सलग वाचली ती कॉलेजात. नंतर कार्डंच वाचली. आमच्याकडे कार्डावर आहे म्हणजे ग्रंथात आहे, असं धरूनच चालतात. त्या कार्डांवर तर ‘तपासले’ होतं. माझ्याच सहीने."

राधाताईंनी चार कार्डं आपल्याकडे ओढली. ११८ त्यांना पाठ झालं होतं. बाकीची तीन त्यांनी त्या गोल अक्षरात वाचली. प्रुफात वाचली तेव्हा ती वाक्यं कादंबरीची होती, आता तशी राहिली नव्हती.

*नाव काठाला बांधलेली होती, माणूस घरात होता. तरी तिची ओढ काही सरेना.*

*तो जेवताना नदीकडे बघे. ती मनात म्हणे, मला याची ओढ आणि याला पाण्याची.*

*कुणी कधी मोजील या ओढीने ती रोज भिंतीवर एक रेघ मारी.*

"शनिवारी नम्रताची वही वाचली," पंत म्हणाले. "किती जपून लिहिलंय पोरीने. ‘सर, ही चार वाक्ये मला सापडली नाहीत, माझ्या प्रतीत काही दोष असावा.’ मी त्या दिवशी मंडळातच जुनी प्रत काढली आणि ताडून पाहिलं. दोष प्रतीत नव्हता. मग दुपारीच घरी येऊन पिशवी शोधली, परत गेलो आणि नम्रता चहाला खाली उतरली तेवढ्यात कार्डं काढली. चारच काढली असती तर लगेच कळलं असतं, म्हणून सगळी घेतली. अब्रू वाचवायला घेतली, हे मी नाकारत नाही. तीस वर्षं ज्या अर्थावर टाळ्या घेतल्या तो अर्थ त्या कादंबरीत नाहीच, हे या वयात कुठल्या तोंडाने सांगायचं?"

त्यांनी हात पुढे करून एक कार्ड परत घेतलं.

"पण घरी आणली आणि वाचली ना, राधाताई. चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाचली. व्याख्यानांत मी ती हजार वेळा म्हटली असतील. समोर बसून जेवणाऱ्याची ओढ. अहो, समोर बसून मीच जेवत होतो. हातात कागद असायचा. ती डब्यातून मला कळवत होती, आणि मी त्याला पान क्रमांक घालून खणात लावत होतो. तिच्या हयातीत मी या घरातसुद्धा तिला समजावून सांगितलंय, की बघ, त्या लेखकाला बाईचं मन किती कळलं होतं."

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, हो, कळलं असेल. आणि ताक वाढलं."

राधाताईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यांचेही यजमान गेल्याला सहा वर्षं झाली होती. त्यांच्याशी शेवटचं नीट बोलणं कधी झालं होतं, ते त्यांना आठवेना. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मग त्यांनी डोळे पुसले आणि ताठ बसल्या. "पंत, दुःख तुमचं आहे, मला मान्य आहे. पण त्याची शिक्षा त्या पोरीला होतेय. उद्या सहाला सभा आहे. ती तोंड उघडणार नाही. तुमची अब्रू जपण्यासाठी ती स्वतःची घालवायला बसली आहे. तुम्ही खिडकीत बसून ते बघत होतात. मथुराबाईंचं तुम्हाला कळलं नाही, ते न कळणं झालं. नम्रताचं तर तुम्हाला सगळं कळत होतं."

राधाताईंनी पर्स उचलली. कार्डांना त्यांनी हात लावला नाही.

"मी कार्डं नेणार नाही आणि सभेत काही सांगणारही नाही. माझं काम चुकीखाली रेघ मारायचं आहे. दुरुस्ती लेखकाने करायची असते."

६

बुधवारी सहाला सभेला अकरा माणसं होती. रणजितने ठराव वाचायला घेतला. नम्रता भिंतीलगत उभी होती. दिगंबरपंतांची खुर्ची रिकामी होती. राधाताईंनी घड्याळाकडे पाहिलं, सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. आपण माणूस ओळखण्यात चुकलो, असं त्यांना वाटू लागलं.

"अनुमोदन?" रणजितने विचारलं.

"थांबा," दारातून आवाज आला.

पंत जिना चढून धापा टाकत होते. हातात कापडी पिशवी होती. ते तडक खणापाशी गेले, खण उघडला, फिरकी सोडली, सळई ओढली. कार्डं जागेवर लावली. लाल कार्ड हातात घेऊन त्यावर सही केली आणि शनिवारची तारीख घातली. मग वळून म्हणाले, "कार्डं मी नेली होती. नम्रताचा संबंध नाही. तिने माझी चूक शोधली होती आणि मला ती लपवायची होती. ठरावात नाव बदलून घ्या, सणस. बाकी मजकूर ठीक आहे."

रणजितचा कागद हातातच राहिला. पंतांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आठवा फर्मा, डब्याची पिशवी, न बघता केलेली सही. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. मागे दारापाशी द्वारकाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

"पुस्तक आता निघणार नाही," रणजित हळूच म्हणाला. प्रश्न होता की नाही, कळलं नाही.

"निघेल. नाव बदलून. ‘तिरपी थडी’त तो शब्द सत्तावन्न वेळा येतो आणि त्याचे अर्थ पाच आहेत. ते नम्रताने सिद्ध केलंय, तेव्हा तिचं नाव माझ्या नावाआधी येईल." त्यांनी पिशवीतून चार कार्डं काढली. "नम्रता, इकडे ये. पेन आहे?"

नम्रता पुढे आली. पंतांनी चारही कार्डांवर ‘तपासले’समोरची आपली आद्याक्षरं रेघ मारून खोडली.

"या चारांची वेगळी नोंद कर. शब्द तोच. अर्थ सहावा. तो अर्थ खरा आहे, फक्त त्या कादंबरीतला नाही."

नम्रताने कोरी कार्डं घेतली आणि पहिलं वाक्य सावकाश उतरवलं. मग थांबली. "सर, ग्रंथाच्या जागी काय लिहू? लेखक?"

"लेखक: मथुरा दिगंबर आठल्ये," पंत म्हणाले. "ग्रंथाचं नाव नाही. पान नाही. डब्यातून आलेली कार्डं, एवढंच लिही. आणि साल घाल, एकोणीसशे त्र्याऐंशी."

तिने लिहिलं. चारही कार्डं झाली. ‘नोंद’समोर तिने न. का. अशी आद्याक्षरं घातली आणि ‘तपासले’चा रकाना रिकामा ठेवून कार्डं पंतांपुढे सरकवली.

पंत खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा लावला, मथुराबाईंचं पहिलं कार्ड डाव्या हाताला ठेवलं, नम्रताचं उजव्या, आणि बोट ठेवून एकेक शब्द ताडू लागले. अकरा माणसं गप्प बसून होती. चार ओळींना एवढा वेळ लागत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण कुणी उठलं नाही. द्वारकाबाईंनी चहा आणून शेजारी ठेवला. पंतांनी तो बाजूला सारला नाही, वाचता वाचता प्यायला. चौथं कार्ड संपलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

मग त्यांनी सही केली.